प्रोटीनचं पीठ कडू लागतंय? लॅबला पैसे देण्याआधी हे तपासा

लक्षणं अशी असतात. शेंगदाण्याच्या पेंडीचं किंवा सोयाबीनचं पीठ घालून केलेला लाडू पहिल्या घासाला बरा लागतो, पण गिळल्यावर घशाशी कडू उरतो. किंवा कडू लागत नाही, पण कच्चं केळं खाल्ल्यासारखी जीभ कोरडी पडते. किंवा दुधात कालवलं की हिरव्या शेंगेचा वास येतो. किंवा माल निघाला तेव्हा चांगला होता आणि तीन आठवड्यांनी दुकानदार पाकिटं परत पाठवतो. आणि सगळ्यात डोकं फिरवणारं लक्षण म्हणजे एक घाणा चांगला, दुसरा कडू, कृती मात्र तीच.

ही पाचही दुखणी माझ्याकडं एकाच नावानं येतात: "साहेब, माल कडू झालाय." मी सोलापुरात खाद्यपदार्थांच्या तपासणीचं काम करतो. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी करणारे छोटे उद्योग इथं पहिल्यापासून आहेत. त्यांतले काहीजण आता प्रोटीनची पिठं, लाडू, बार करू लागलेत आणि तेव्हापासून ही तक्रार सुरू झाली. बहुतेकजण येतात तेच "अमिनो आम्लांची मोठी तपासणी करून द्या" म्हणत. अमिनो आम्लं म्हणजे प्रोटीनच्या साखळीतले मणी. ही तपासणी महाग असते आणि दहातल्या आठ वेळा लागत नाही. म्हणून मी ज्या क्रमानं तपासतो तो क्रम इथं लिहितोय. फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. अखंड प्रोटीनला सहसा चवच नसते. त्याचा रेणू इतका मोठा असतो की जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या खाचांत तो बसत नाही. अपवाद आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या एका फळातलं थॉमॅटिन हे प्रोटीन साखरेच्या कितीतरी पट गोड असतं. पण तुमच्या पिठात थॉमॅटिन नाही. तेव्हा कडू लागतंय म्हणजे एकतर प्रोटीनचे तुकडे झालेत, किंवा प्रोटीनबरोबर आलेलं दुसरंच काहीतरी बोलतंय. माझ्या अनुभवात हे "दुसरंच काहीतरी" जास्त वेळा निघतं.

आणखी एक. "आमच्या मालात प्रोटीन बावन्न टक्के आलंय, रिपोर्ट बघा, मग कडू कसं?" असं म्हणत लोक कागद पुढं करतात. तो आकडा जेल्डाल पद्धतीचा असतो. ती पद्धत १८८३ सालची, आणि ती मोजते फक्त नायट्रोजन. त्याला एका आकड्यानं गुणून प्रोटीन काढतात. त्यात चवीचा काडीचाही पत्ता लागत नाही. जाता जाता सांगतो, सरसकट ६.२५ नं गुणायची पद्धत आहे, पण शेंगदाण्यासाठी ५.४६ हा आकडा मानतात. सव्वासहानं गुणलेला रिपोर्ट असेल तर तुमचे बावन्न टक्के प्रत्यक्षात पंचेचाळीसच भरतील. कडूपणाचा याच्याशी संबंध नाही, पण पाकिटावर छापण्याआधी लॅबला विचारून घ्या.

नाक चिमटीत धरा

खर्च शून्य. नाक घट्ट दाबून चिमूटभर पीठ जिभेवर ठेवा, चघळा, गिळा, मग नाक सोडा. नाक दाबलेलं असताना काही वाटलं नाही आणि सोडल्याबरोबर "ते" आलं, तर दुखणं चवीचं नाही, वासाचं आहे. सोयाबीनचा हिरवट वास असाच पकडला जातो. त्यामागं लायपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया वेगानं घडवणारं प्रोटीन असतं. दाणा कच्चा दळला आणि ओल लागली की ते तेलावर तुटून पडतं आणि हेक्झॅनालसारखी उडून जाणारी द्रव्यं तयार होतात. नाक दाबूनही कडू लागलं तर पुढं चला. कडू नाही पण जीभ खरखरीत झाली, तर तो तुरटपणा. तो चवीपेक्षा स्पर्शाचा प्रकार आहे. टॅनिनसारखी द्रव्यं लाळेतल्या प्रोटीनला गोळा करतात आणि जिभेवरचं वंगण जातं.

कडू आणि तुरट हा फरक लोक करत नाहीत म्हणून अर्धे पैसे वाया जातात. एक मावशी चार महिने एन्झाइम बदलत बसल्या होत्या. त्यांच्या पिठात दाण्याची लाल टरफलं तशीच होती, एवढंच! टरफलात टॅनिन असतं. भाजून, चोळून, पाखडून घेतलं आणि काम झालं.

तीन वाट्या

हीसुद्धा फुकट आहे, पण लोक टाळतात, कारण यात मालकाची जीभ खोटी पडू शकते. दोन वाट्यांत चांगला माल आणि एकीत तक्रारीचा, किंवा उलटं. वाट्या सारख्या, खाली खुणा, क्रम बदलत ठेवायचा. खाणाऱ्याला एवढंच विचारायचं: वेगळी कुठली? अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. बाराजणांत आठांनी बरोबर ओळखली तर फरक खरा माना. चार-पाचांनीच ओळखली तर दोन घाण्यांत फरकच नाही, तुमचा सगळाच माल तसा आहे किंवा तक्रार करणाऱ्यानं त्याआधी दुसरंच काही खाल्लं होतं.

यात तिखट नको, मीठ नको. मीठ कडूपणा दाबतं, म्हणून तर शेंगाच्या चटणीत खपून जाणारं कूट लाडवात उघडं पडतं. दोन चवींच्या मध्ये कोमट पाणी आणि कोरड्या भाकरीचा तुकडा द्या. एकाच माणसाच्या जिभेवर निकाल लावू नका. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की एकच पावडर त्याच्या सहकाऱ्याला जहर कडू लागते आणि त्याला स्वतःला मात्र काहीच लागत नाही. कडू ओळखणाऱ्या जागा माणसात पंचवीसच्या आसपास प्रकारच्या असतात आणि त्या सगळ्यांच्या सारख्या नसतात.

पाणी, सोडा आणि ताक

पीएच म्हणजे आंबट-क्षाराचं माप: सात मधोमध, खाली आंबट, वर क्षार. त्याच्या कागदाची पट्टी स्वस्तात मिळते. एक भाग पीठ दहा भाग पाण्यात कालवा, पट्टी बुडवा. एकदा बोअरच्या पाण्यात आणि एकदा फिल्टरच्या. फिल्टरच्या पाण्यात साडेसहा-सातच्या आसपास आलं तर ठीक. आठाच्या वर गेलं तर पिठात कुठंतरी क्षार आलाय. फक्त बोअरच्या पाण्यात वर गेलं तर दोष पाण्याचा. काही ठिकाणी डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकलेला असतो. तयार आणलेलं आयसोलेट, म्हणजे वेगळं काढलेलं जवळपास शुद्ध प्रोटीन असेल तर ते मुळात अल्कलीत विरघळवून, आम्लानं साकळवून केलेलं असतं. नीट धुतलं नसेल तर क्षार मागं राहतो आणि साबणासारखी कडवट चव देतो.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. उन्हाळ्यात आपल्याकडं हमखास येतं. गिऱ्हाईक पीठ ताकात घालून पितं आणि "चोथा लागतो, घसा धरतो" म्हणतं. ताकाचा पीएच साडेचारच्या जवळ असतो, आणि सोया-शेंगदाण्याची प्रोटीनं नेमकी तिथंच विरघळायची थांबतात, गुठळ्या होऊन खाली बसतात. माल चांगला आहे. पाकिटावर "दुधातून किंवा पाण्यातून घ्या" एवढं लिहा.

खवटपणा

इथं जरा थांबून वाचा, कारण सोलापुरात सगळ्यात जास्त माल यातच मार खातो. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. घाण्यावरून आणलेल्या पेंडीतही ते बऱ्यापैकी उरतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीसच्या वर असतं, पत्र्याच्या शेडमध्ये किती होत असेल ते तिथं पाच मिनिटं उभं राहून बघा. तापमान दहा अंशांनी वाढलं की खवट होण्याचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेसाठी केलेला माल दोन महिने टिकला म्हणून मेमध्येही टिकेल हा हिशेब चुकतो तो इथं. ज्यांचा माल "निघाला तेव्हा चांगला, नंतर कडू", त्यांनी पहिला संशय यावरच घ्यावा. तेलातलं लिनोलेइक आम्ल हवेनं बिघडलं की त्यापासून होणारी काही द्रव्यं चक्क कडू असतात, नुसती वासाची नव्हेत.

तपासायचं असं. थोडं पीठ झाकणाच्या बरणीत घालून बरणी कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, झाकण उघडून लगेच वास घ्या. जुन्या रंगाचा, पुठ्ठ्याचा वास आला तर निकाल लागला. शंका राहिली तर लॅबमध्ये पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल किती बिघडलंय याचा आकडा काढून घ्या, ही स्वस्तातली तपासणी आहे. पण एक खोडा आहे. पेरॉक्साइड आधी वाढतं आणि माल आणखी बिघडला की परत उतरतं, कारण त्याचं पुढं दुसऱ्या द्रव्यांत रूपांतर होतं. म्हणजे जुनाट मालाचा आकडा छान दिसू शकतो. वास येतोय आणि आकडा कमी आहे असं झालं तर त्या पुढच्या द्रव्यांचं माप देणारी अॅनिसिडीन व्हॅल्यूही मागा.

भांडीही बघा. तांबं आणि लोखंड हा बिघाड वेगानं वाढवतात. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात कूट रात्रभर ठेवणारे मला आजही भेटतात.

दाण्याला बुरशी दिसली, कुबट वास आला, तर चाखून बघू नका. तिथून थेट या पोस्टच्या शेवटी जा.

भाजणी

दाणा कमी भाजला तर हिरवट लागतो, जास्त भाजला तर करपट कडू. दोन्हींना लोक "कडू"च म्हणतात. कढईतले दाणे मधोमध फोडून आतला रंग बघा. बाहेरून खमंग आणि आतून पांढरा असेल तर आच मोठी होती. घाण्यागणिक चव बदलते आहे, तर भट्टीवर माणूस बदलतो का एवढं विचारा. बऱ्याचदा प्रश्न तिथंच मिटतो.

सोयाबीनसाठी रंगावर जाऊ नका, युरिएज तपासणी करा. सोयाबीनमध्ये युरिएज हे एन्झाइम असतं. ते युरियापासून अमोनिया काढतं, पीएच वर जातो आणि फिनॉल रेड या रंगद्रव्याचा रंग पिवळ्याचा गुलाबी-लाल होतो. उष्णतेनं युरिएज मेलं असेल तर रंग बदलत नाही. युरिएज मेलं म्हणजे लायपॉक्सिजनेज आणि पचनात अडथळा आणणारी द्रव्यंही बरीचशी गेली असं धरता येतं. सोयापेंड घेणारे कारखाने हेच बघतात. पिठावर युरिया आणि फिनॉल रेडचं पाणी घातल्यावर पाच-दहा मिनिटांत सबंध पीठ लाल झालं तर ते कच्चंच आहे. हा नमुना मात्र खाण्याच्या टेबलाजवळही आणायचा नाही.

एन्झाइम वापरलंय का?

इथून पुढं खरोखर प्रोटीनचा कडूपणा सुरू होतो. पीठ पाण्यात विरघळत नाही म्हणून कुणीतरी पपेन सुचवतं. पपईच्या चिकातलं हे एन्झाइम. ते प्रोटीनचे तुकडे करतं आणि विरघळणं सुधारतंही. पण प्रोटीनच्या गुंडाळीत पाण्याला नको असलेली अमिनो आम्लं आत दडलेली असतात, ल्युसीन, फेनिलअॅलनीन, टायरोसीन अशी. तुकडे झाले की ती बाहेर येतात, आणि जिभेवरच्या कडवट खाचांत नेमकी तीच बसतात. फार कमी तुटलं तर चव नाही. पार शेवटपर्यंत, सुट्या अमिनो आम्लांपर्यंत तुटलं तर कडूपणा पुन्हा उतरतो. मधल्या लांबीचे तुकडे सगळ्यात वाईट.

एका कारखान्यात कृती चाळीस मिनिटांची होती. लाइट गेली, ढवळणी थांबली, कोमट मिश्रण रात्रभर तसंच राहिलं. सकाळी जे निघालं ते कडुनिंबाला लाजवेल असं! मालकानं त्यात गूळ ओतून ते वाचवायचा प्रयत्न केला. आधी गोड, मग कडू, मग पुन्हा कडू.

त्यामुळं तीन प्रश्न विचारा: एन्झाइम किती घातलं, किती वेळ, आणि ते मारलं कसं? तिसरा सर्वांत महत्त्वाचा. पपेन उष्णतेला चिवट असतं. मिश्रण नुसतं गरम करून बंद केलं तर ते पुरतं मरत नाही आणि पाकिटात ओल असेल तर काम चालूच ठेवतं. खवट वास नाही, तरी दिवसेंदिवस कडूपणा वाढतोय, असं असेल तर हेच. तपासायला सोपं आहे: त्याच मिश्रणाचे दोन भाग करा, एक चांगला दणकून उकळा, एक नुसता गरम करा, आणि दोन्ही फ्रीजबाहेर थोडा वेळ ठेवून चाखा.

किती तुकडे झाले हे मोजायला फॉर्मॉल टायट्रेशन आहे, सोरेनसेननं १९०७ साली काढलेलं. हाच पुढं १९०९ मध्ये पीएचची कल्पना मांडणारा. जितके तुकडे तितकी मोकळी अमिनो टोकं, आणि ती फॉर्मॅलिन घालून मोजता येतात. फॉर्मॅलिन विषारी आहे. हे लॅबमध्येच करून घ्या. चांगल्या आणि कडू घाण्याचे आकडे शेजारी ठेवले की बहुतेक वेळा उत्तर समोर येतं.

आता ती मोठी तपासणी

वरचं सगळं करून झालं आणि तुम्हाला नवीन कच्चा माल निवडायचाय, एन्झाइम लावल्यावर कोणतं प्रोटीन कडू होईल याचा आधीच अंदाज हवाय, तर अमिनो आम्लांच्या तपासणीला अर्थ आहे. जर्मनीतल्या के. एच. नाय यांनी १९७१ मध्ये एक साधा नियम मांडला. प्रत्येक अमिनो आम्लाला पाण्याचा किती तिटकारा आहे याचा आकडा असतो, कॅलरी प्रति मोलमध्ये. ग्लायसीन ०, ग्लुटामिक आम्ल ५५०, ल्युसीन २४२०, प्रोलीन २६२०, फेनिलअॅलनीन २६५०. तुकड्यातल्या सगळ्यांची सरासरी म्हणजे क्यू. ती १४०० च्या वर गेली तर तुकडा कडू, १३०० च्या खाली कडू नाही, मधे काहीही. आणि हा नियम सुमारे ६००० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) लहान तुकड्यांसाठी.

करून बघा. ल्युसीन आणि फेनिलअॅलनीनची जोडी: २४२० अधिक २६५०, भागिले दोन, २५३५. कडू. ग्लायसीन आणि ग्लुटामिक आम्ल: २७५. कडू नाही. अखंड प्रोटीनची सरासरी घेतली तर दुधातलं केसीन १६०० च्या आसपास आणि सोया १५४० च्या आसपास येतं, म्हणजे दोन्ही तोडले की कडू व्हायची भीती. जिलेटिन १२८०, म्हणून ते तोडूनही निभावतं. शेंगदाण्यात आर्जिनीन, ग्लुटामिक आणि अस्पार्टिक आम्ल भरपूर, आणि तिघांचेही आकडे लहान, म्हणून शेंगदाण्याला मी सोयापेक्षा झुकतं माप देतो.

गंमत ज्वारीची आहे. तिच्यातलं मुख्य प्रोटीन काफिरिन, त्यात ल्युसीन आणि प्रोलीन ठासून. कागदावर बघितलं तर मालदांडीची भाकरी तोंडात धरवायला नको. पण काफिरिन पाण्यात विरघळत नाही, तुटलेलं नसतं, आणि मंगळवेढ्याची ज्वारी जिभेला गोडच लागते. म्हणजे क्यू हा "तोडलं तर काय होईल" याचा अंदाज आहे, "आत्ता काय लागतंय" याचा नव्हे. ज्वारीच्या पिठाला एन्झाइम लावायचा विचार करणाऱ्यांनी मात्र हे ध्यानात धरावं.

नियमाच्या मर्यादाही समजून घ्या. सरासरीत तुकड्यांची लांबी दिसत नाही, क्रम दिसत नाही. पाण्याला भिणारं अमिनो आम्ल कोणत्या टोकाला आहे यानंही कडूपणा बदलतो. १९६५ मध्ये सापडलेलं अॅस्पार्टेम बघा: अस्पार्टिक आम्ल आंबटसर, फेनिलअॅलनीन कडू, आणि दोघांचा मिथाइल एस्टर साखरेच्या सुमारे २०० पट गोड. सुट्या भागांवरून असला निकाल कुठल्याच सरासरीनं दिला नसता. शिवाय नमुना तयार करताना तो तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर चोवीस तास ठेवतात. त्यात ट्रिप्टोफॅन नष्ट होतं, आणि ते सगळ्यात "तिटकारा" असणाऱ्यांपैकी एक, आकडा ३०००. ट्रिप्टोफॅन वेगळं मोजलंय का हे लॅबला विचारा. विचारल्यावर समोरचा गोंधळला तर लॅब बदला.

कोणता तुकडा कडू आहे ते शोधायला एचपीएलसी या मिश्रण वेगळं करणाऱ्या यंत्रानं तुकडे वेगळे करून, एकेक चाखून, मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूचं वजन सांगणाऱ्या यंत्रावर ओळखावे लागतात. ते मोठ्या संस्थेचं काम. छोट्या उद्योगाला त्याआधीचा उपाय स्वस्त पडतो: वेळ कमी करा, एन्झाइम बदला, किंवा टोकाकडून एकेक अमिनो आम्ल काढणारं एक्झोपेप्टिडेज जोडीला द्या.

इथं थांबा

बुरशी दिसली, किंवा पेंड जनावरांच्या खाद्यासाठीची होती असं कळलं, तर चवीचा शोध बंद. अॅफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाला चव नसते, नेहमीच्या भाजणीनं ते पुरतं जात नाही आणि तेल काढल्यावर बरंचसं पेंडीतच राहतं. मान्यताप्राप्त लॅबचा अॅफ्लाटॉक्सिन रिपोर्ट येईपर्यंत तो माल बाजूला, कुलपात. माल लहान बाळांसाठी किंवा आजारी माणसांसाठी असेल तर घरगुती तपासण्यांवर अजिबात निभावू नका, फूड टेक्नॉलॉजिस्ट गाठा. कुणाला खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं, तर तो चवीचा प्रश्न नाही. आधी डॉक्टर, मग पाकिटावर शेंगदाणा-सोयाची ठळक सूचना आहे का ते बघा. आणि पीएच, खवटपणा, भाजणी, एन्झाइम हे चारही बघून कडूपणा तसाच राहिला तर पाचवा प्रयोग स्वतः करू नका.

तज्ज्ञाकडं जाताना नुसता कडू माल घेऊन येऊ नका. चांगल्या घाण्यातला पाव किलो, कडू घाण्यातला पाव किलो आणि त्याच पोत्यातला कच्चा माल, तिन्ही हवाबंद, सावलीतून आणलेले. सोबत एका कागदावर तारखा, भाजायला लागलेला वेळ, पाणी कुठलं आणि एन्झाइम किती. हा कागद बरोबर असला की माझं निम्मं काम तुम्ही दारातच केलेलं असतं.